बॉनेट उघडून : चेक लाईट पेटली म्हणून लगेच कॅटकॉन बदलू नका

यावेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं त्या पिवळ्या इंजिनच्या लाईटबद्दल आहेत आणि त्यातली बरीचशी ऑक्सिजन सेन्सर (धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखणारा) नाहीतर कॅटकॉनवर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा) येऊन थांबतात, म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला. ब्रेक आणि क्लचवाल्यांनी जरा दम धरा, तुमची पत्रं ठेवली आहेत.

प्रश्न : नमस्कार सर, माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रनिंग ९० हजाराच्या पुढे. चेक लाईट लागली म्हणून गॅरेजमध्ये स्कॅन केली तर पी०४२० कोड आला. तो म्हणतो कॅटकॉन गेला, नवीन टाका, चाळीस हजारापर्यंत जाईल. दुसरा म्हणतो मागचा ऑक्सिजन सेन्सर बदला, साडेतीन हजारात काम. गाडी चालायला मस्त आहे, ॲव्हरेज पण पहिल्याइतकंच. कुणाचं ऐकू? — वाचक, चिंचवड

उत्तर : अजून दोघांचंही ऐकू नका. पी०४२० म्हणजे कॅटकॉन गेला असं नाही आणि सेन्सर गेला असं तर त्याहून नाही. ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागच्या सेन्सरचा ग्राफ बघितला, कॅटकॉन पाहिजे तेवढं काम करत नाही असा त्याला संशय आला, आणि तो संशय एकदा नाही तर बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन ट्रिपमध्ये आला तेव्हा त्याने लाईट लावली, एवढाच त्याचा अर्थ.

आता हा संशय येतो कसा ते सांगतो, थोडं लांबेल पण चाळीस हजाराचा प्रश्न आहे. तुमच्या गाडीत दोन सेन्सर आहेत, एक कॅटकॉनच्या आधी आणि एक नंतर. दोघांच्या आत झिरकोनियाचं सिरॅमिक असतं, त्याच्या एका बाजूला इंजिनचा गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त झालं की धुरात ऑक्सिजन उरतच नाही, मग ०.८-०.९ व्होल्ट दाखवतो, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास येतो. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हा बरोबर हिशेब, आणि बरोबर त्या जागी व्होल्टेज ०.४५ च्या आजूबाजूला एकदम उडी मारतं. म्हणजे हा सेन्सर किती जास्त किती कमी हे नीट सांगत नाही, फक्त इकडे की तिकडे एवढंच सांगतो. (काही नव्या गाड्यांत पुढे वाईडबँड सेन्सर असतो, तो आकड्यात सांगतो, त्याचा ग्राफ वेगळा दिसतो, हे लक्षात ठेवा नाहीतर चांगला सेन्सर खराब ठरवाल.)

मग ईसीएम काय करतो, सेन्सर म्हणाला रिच (पेट्रोल जास्त) की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थोडा कमी वेळ उघडतो, सेन्सर म्हणाला लीन (हवा जास्त) की थोडा जास्त वेळ, परत रिच, परत लीन, असं सेकंदाला एक-दोनदा चालूच असतं. हे हेलकावे ईसीएमला जमत नाही म्हणून नाहीत, ते मुद्दाम आहेत, कारण कॅटकॉनला तेच लागतं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. तिला तीन कामं करायची असतात, कार्बन मोनॉक्साईड जाळायचा, अर्धवट जळलेलं पेट्रोल जाळायचं आणि नायट्रोजन ऑक्साईड फोडायचा. पहिल्या दोन कामांना ऑक्सिजन पाहिजे आणि तिसऱ्याला नको. म्हणून त्या थरात सिरियम ऑक्साईड घालतात, तो ऑक्सिजन जास्त असला की साठवतो आणि कमी पडला की सोडतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा, नगरपालिकेचं पाणी येतं जातं पण टाकी धड असली तर नळाला धार सारखीच. मागचा सेन्सर म्हणजे तो नळ. कॅटकॉन धडधाकट असेल तर पुढचा सेन्सर कितीही नाचला तरी मागचा ०.६-०.७ व्होल्टवर जवळपास स्थिर बसतो. साठवण संपली की मागचा पण पुढच्यासारखाच नाचायला लागतो, आणि ईसीएम नेमकं हेच बघत असतो. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष स्वतः तपासून कोड दाखवायची पद्धत) लागू झालं, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीत ही तपासणी आहे.

तर आता गॅरेजमध्ये जाऊन काय करायचं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे ग्राफ एकाखाली एक लावायला सांगा, आरपीएम २५०० वर धरा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन नुसतं चालू) बघू नका, तिथे कॅटकॉन थंड पडतो आणि चांगला पण वाईट दिसू शकतो. मागची रेघ जवळपास सपाट असेल तर कॅटकॉन जिवंत आहे. मागची रेघ पुढच्याबरोबर वरखाली होत असेल तर आधी गाडी रॅम्पवर घेऊन मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पाईपच्या) गॅस्केटपासून मागच्या सेन्सरपर्यंत लीक बघा. जॉइंटजवळ काजळीची काळी रेघ दिसली की समजायचं, तिथून धूर बाहेर येतो आणि धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा सेन्सरला दिसते, त्याला वाटतं ऑक्सिजन वाढला. गॅस्केटचं काम होतं आणि कॅटकॉनचं बिल फाटतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चिडायचं पण सोडलंय.

लीक नाही, ग्राफ नाचतोय, तर मग कॅटकॉन खरंच थकलाय. मागचा सेन्सर बदलून काही होणार नाही, कारण सेन्सर मेला तर तो आळशी होतो, नाचत नाही. जो नाचतोय तो सेन्सर चांगलाच काम करतोय! साडेतीन हजार वाचले.

पण नवीन टाकायच्या आधी जुना का गेला ते शोधाच. कॅटकॉन स्वतःहून क्वचित मरतो. कॉइल किंवा प्लग खराब होऊन गाडी मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं, वीट हजार डिग्रीच्या वर तापते आणि वितळून तिचा गोळा होतो. मिसिंग होताना चेक लाईट नुसती पेटत नाही, लुकलुकते, तशी लुकलुकली की गाडी बाजूला घ्या, घरी जाऊन बघू म्हणू नका. दुसरं कारण ऑइल. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस त्या थरावर बसत जातो. हेड गॅस्केटमधून कूलंट आत जात असेल तर तेच. तुमची गाडी सर्व्हिसच्या मधे ऑइल टॉपअप मागते का ते तुम्ही लिहिलं नाहीये. मागत असेल तर नवा कॅटकॉन पण त्याच वाटेने जाणार. मागत नसेल, मिसिंग नसेल, आणि तुम्ही म्हणता तसं ॲव्हरेज पिकअप सगळं ठीक असेल तर घाई नाही, कोटेशन दोन-तीन ठिकाणी घ्या.

प्रश्न : सर, गाडीला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट लावलंय, दोन वर्षं झाली. सीएनजीवर थोडी सुस्त वाटते. पी०१७१ कोड येतो. आणि गंमत म्हणजे गॅस संपल्यावर पेट्रोलवर टाकली की गाडी भरल्यासारखी होते, पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काळं. थोडी चालवली की आपोआप नीट होते. किटवाला म्हणतो पेट्रोलचे इंजेक्टर साफ करा, गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर. — वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही लक्षणं इतकी छान लिहिलीत की अर्धं उत्तर त्यातच आहे.

बाहेरून लावलेल्या किटमध्ये गाडीच्या मूळ ईसीएमला बहुतेक वेळा माहीतच नसतं की आपण गॅसवर चाललोय. तो बिचारा पेट्रोलचाच हिशेब करून इंजेक्टरला पल्स पाठवतो, किटचा ईसीएम ती पल्स मधेच पकडतो, त्याच्याकडच्या मॅपने (पेट्रोलच्या पल्सला गॅस किती याच्या तक्त्याने) गुणतो आणि गॅसचा इंजेक्टर उघडतो. ऑक्सिजन सेन्सर मात्र दोघांचा एकच. आता गॅस कमी पडला तर सेन्सर सांगतो लीन, मूळ ईसीएम पल्स वाढवतो, तरी लीन, अजून वाढवतो, आणि हे वाढवलेलं तो लाँग टर्म ट्रिम म्हणून लिहून ठेवतो. प्लस १०, प्लस १५, प्लस २० टक्के असं करत ट्रिमची हद्द संपली की पी०१७१, म्हणजे सिस्टीम लीन. मग तुम्ही बटण दाबून पेट्रोलवर येता. पेट्रोलमध्ये काही कमी नव्हतं, पण वहीत प्लस २० लिहिलेलं आहे, त्यामुळे पेट्रोल वीस टक्के जास्त पडतं. वास, काजळी, भरल्यासारखी गाडी सगळं तिथून. थोडं अंतर गेलं की सेन्सर सांगतो रिच आहे, ईसीएम ट्रिम खाली आणतो, गाडी नीट. परत गॅसवर गेलात की परत पहिले पाढे पंचावन्न.

म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाहीये, उलट तोच एकटा खरं सांगतोय. पेट्रोलचे इंजेक्टर पण सोडा. गॅसचा फिल्टर बदला (दोन वर्षांत एकदा तरी बदललाय का विचारा), रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचं प्रेशर कमी करणारा) प्रेशर लोडवर तपासा, नुसता उभ्या गाडीवर नको, गॅसचे इंजेक्टर मंद झालेत का बघा, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी मॅपिंग. मॅपिंग करताना किटवाल्याच्या लॅपटॉपबरोबर मूळ गाडीचा स्कॅनर पण लावलेला पाहिजे, दोन्ही इंधनांवर ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे, असा आला तरच काम झालं समजा. लॅपटॉपवर हिरवं दिसलं म्हणून पैसे देऊ नका.

आणि प्लग बघा. गॅसला ठिणगी जास्त ताकदीची लागते, पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर मिसिंग करतो, आणि मिसिंगने कॅटकॉनचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. कंपनी फिटेड सीएनजीवाल्यांनी घाबरू नका, तुमच्या ईसीएमला कुठलं इंधन चालू आहे ते माहीत असतं.

प्रश्न : ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटकॉन खराब होतात हे खरं का? २०१७ ची गाडी आहे. — वाचक, कोल्हापूर

उत्तर : ह्या दोघांचं तरी नाही. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, इथेनॉल कळत नाही, त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो. इथेनॉलच्या अंगात मुळातच ऑक्सिजन असतो म्हणून त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७, दहा टक्के मिसळलं की १४.१ च्या आसपास, वीस टक्क्यांना साधारण १३.५. तुमचा ईसीएम आधीच्या मिश्रणावर बसलेला असेल तर तो चार-पाच टक्के पेट्रोल वाढवेल, ट्रिम प्लसमध्ये दिसेल, आणि ट्रिमला वीस-पंचवीस टक्क्यांची जागा असते, म्हणजे आरामात बसतं. एकच अडचण, ज्या गाडीचा ट्रिम आधीच प्लस १५ ला होता, कुठे व्हॅक्यूम पाईप फाटलाय, एअर फ्लो सेन्सर मळलाय, तिची झाकलेली मूठ आता उघडते आणि लोक म्हणतात ई-२० ने लाईट लागली. ॲव्हरेज मात्र थोडं कमी होणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्याला सेन्सर काय करणार. रबरी होज आणि सीलचा विषय वेगळा, तो खरा आहे, त्यावर पुढे कधीतरी.

प्रश्न : बॅटरीची वायर काढून लावली की चेक लाईट जाते. पीयूसीच्या आधी असं करतो, चालतं का? — वाचक, लातूर

उत्तर : लाईट जाते, आजार नाही जात. शिवाय त्या वहीतले सगळे ट्रिम पुसले जातात, म्हणजे तपासणीच्या नेमक्या आधी तुम्ही ईसीएमला सगळं शिकलेलं विसरायला लावता. आपल्याकडचा पीयूसीवाला लाईट बघून नाही, सायलेन्सरमध्ये नळी घालून सर्टिफिकेट देतो. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्क्यांच्या आत आणि २५०० आरपीएमला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, बरोबर हिशेब म्हणजे १) ०.९७ ते १.०३ च्या मधे लागतो. वीस मिनिटं चालवलेली गरम गाडी घेऊन जा, थंड कॅटकॉन २५०-३०० डिग्रीच्या खाली जवळपास झोपलेलाच असतो. आणि लॅम्डा १.०८ वगैरे आला तर आधी सायलेन्सरला भोक आहे का आणि नळी नीट आत घातलीय का ते बघा, मग इंजिनला शिव्या द्या.

प्रश्न : काका, मी फ्रीमाँट, कॅलिफोर्नियात असतो. जुनी प्रियस घेतली, तिचा कॅटकॉन चोरीला गेला. ऑनलाइन स्वस्त मिळतोय तो टाकू का? आणि इथे पण लातूरवाल्यांसारखी बॅटरी काढून स्मॉग चेक (इथलं पीयूसी) पास होईल का? (लातूरचे मित्र आहेत, त्यांनीच सांगितलं!) — वाचक, फ्रीमाँट

उत्तर : लातूरचा उपाय तिकडे उलटा पडेल. तुमच्याकडे २००० आणि त्यापुढच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना नळी नाही, थेट ओबीडीच्या सॉकेटला यंत्र लावतात, आणि बॅटरी काढल्यावर कॅटकॉन, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या 'अपूर्ण' दाखवतात. फक्त इव्हॅपचा (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकीचे पूर्ण पाहिजेत. थंड स्टार्ट, शहर, हायवे असं काही दिवस नॉर्मल चालवलं की ते पूर्ण होतात.

स्वस्त कॅटकॉनचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाचा (राज्याच्या हवा-प्रदूषण खात्याचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे मंजुरीचा नंबर कोरलेलाच चालतो, आणि तो नंबर तुमच्या गाडीच्या वर्षाला आणि इंजिनला लागू आहे का ते पण बघावं लागतं. बिननंबरी स्वस्त मालात मौल्यवान धातू आणि सिरियम दोन्ही हात आखडून घातलेले असतात, गाडी चालते पण ईसीएमला साठवण कमी दिसते आणि थोड्याच दिवसांत पी०४२० हजर. तुमच्या राज्याचा ह्या विषयाशी जुना संबंध आहे बरं का, लॅम्डा सेन्सर म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर लावलेली पहिली गाडी, १९७६ मधली व्होल्व्हो आणि त्यात बॉशचा सेन्सर, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठीच आली होती. नवीन बसवल्यावर खालून स्टीलची शील्ड लावून घ्या, २००४ ते २००९ ची प्रियस चोरांची फार आवडती आहे.

प्रश्न : भाऊ कॅटकॉन काढून सरळ पाईप टाकला आणि मागच्या सेन्सरला स्पेसर लावला तर पिकअप किती वाढेल? लाईट पण नाही लागत म्हणे. — वाचक, पनवेल

उत्तर : आवाज वाढेल. पिकअप, साध्या विनाटर्बो गाडीत, तुझ्या मनात. धड कॅटकॉनने जेवढी अडवणूक होते ती एवढीशी असते, तुंबलेल्याने होते ती वेगळी गोष्ट, तो तुंबला असेल तर बदल. स्पेसर म्हणजे सेन्सरला धुरापासून लांब ओढून त्याची रेघ सपाट करायची, ईसीएमला टोपी घालायची. बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सेन्सरवरून पेट्रोलचा बारीक हिशेब पण होतो, तो बिघडतो. आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली प्रदूषणाच्या नियमभंगाला दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. एवढ्या पैशात चांगले टायर घे, गाडी खरंच बदलेल.

प्रश्न : ऑक्सिजन सेन्सर काढून पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुतला तर चालतो का? — वाचक, सांगली

उत्तर : नका धुऊ. वरची काजळी निघते, आतला आजार तसाच. काजळी तर गाडी नीट चालवली की तशीही जळून जाते. टोकावर पांढरट थर दिसला तर कूलंट किंवा सिलिकॉनचा संशय घ्या, कुणीतरी गॅस्केटला साधा सिलिकॉन सीलंट थापला असेल तर त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. कोड पी०१३५ (सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा) असेल तर सेन्सर बदलायच्या आधी हीटरचा फ्यूज आणि वायर मल्टिमीटरने बघा, कित्येकदा दहा रुपयांचा फ्यूज असतो. नवीन बसवताना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नको. आणि तुटलेली वायर सोल्डर करू नका, अनेक सेन्सर बाहेरची हवा वायरमधूनच आत घेतात, तिथे क्रिम्प (दाबून बसवायचा) कनेक्टर वापरा.

प्रश्न : माझी इको शाळेच्या मुलांसाठी चालते. मधे एका गॅरेजमध्ये दोन दिवस होती. आणल्यापासून आवाज पोकळ येतो, चेक लाईट लागली, कोड पी०४२०. गॅरेजवाला म्हणतो योगायोग आहे. — वाचक, चाकण

उत्तर : योगायोग असेलही, पण मला त्याचा वास येत नाहीये. इकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या गुजरातेत आणि आपल्याकडे दोन्हीकडे येऊन गेल्यात, आणि त्यातला एक प्रकार असा की अख्खा सायलेन्सर न नेता आतली 'माती' म्हणजे ती वीट काढून घ्यायची आणि रिकामा डबा परत जोडून ठेवायचा. गाडी चालते म्हणून मालकाला कळत नाही, मागच्या सेन्सरला मात्र लगेच कळतं.

दुसऱ्या गॅरेजमध्ये रॅम्पवर घ्या. कॅटकॉनच्या डब्यावर ताजी वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा आहेत का बघा, रबरी हातोड्याने हलकं ठोका, भरलेला डबा ठोस वाजतो, रिकामा डबडब्यासारखा. मग मागचा सेन्सर काढून त्या भोकातून बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घाला, पोळं दिसलं पाहिजे, भिंत दिसली तर आत काही नाही. ही सगळी तपासणी मोबाईलवर शूट करा, जुन्या गॅरेजच्या बिलावरची तारीख आणि किलोमीटर जपून ठेवा, पोलीस स्टेशनला तक्रार द्या आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. नवीन बसवेपर्यंत डबा फेकू नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे.